मुंबई ते न्यूयॉर्क: तिकिटावरचे तास आणि घरापासूनचे तास
(मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांसाठी)

तिकीट हातात पडलं की हमखास विचारणा होते, "रात्री दीडला निघून सकाळी आठला न्यूयॉर्क? साडेसहा तासांत?" तसं नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे आहे, म्हणजे विमानात तुम्ही सोळा तास बसणार. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा हिशोब. थंडीत फरक साडेदहा तासांचा होतो. येताना गंमत उलटी: दुपारी बाराला निघालात की मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि प्रवास साडेचौदा तासांचाच झालेला असतो.

जाताना जास्त वेळ का? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो.

अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. आमच्या टेबलावरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: तो अरबस्तान-आफ्रिकेवरून जात नाही, मॉस्कोच्या बाजूने वर चढतो आणि नॉर्वे, आइसलँड करत कॅनडावरून खाली उतरतो. विमान मात्र दर वेळी दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी कंपन्यांना आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. असे वळसे पडले की वेळ वाढतो.

लंडनला विमान बदललं तर अंतर जेमतेम २०० किलोमीटरने वाढतं, वेळ मात्र थांब्याप्रमाणे चार-सहा तासांनी. तरीही गुडघे दुखत असतील तर आम्ही थांब्याचं तिकीट सुचवतो. सलग सोळा तास खुर्चीत बसण्यापेक्षा मध्ये पाय मोकळे झालेले बरे. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, तिचे पैसे पडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकिटावर शुक्रवार, रात्री १:३० असेल तर घरातून निघायचं गुरुवारी. शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन विमानतळावर गेलात तर विमान आदल्याच रात्री उडालेलं असतं! पुण्याहून गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत गाडी निघायला हवी; घाटात कधी किती अडकाल याचा नेम नाही, आणि विमानतळावर तीन तास आधी पोचायचं आहे. घराच्या दारापासून न्यूयॉर्कच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत पंचवीस तास धरून चाला.

पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल, तर अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. बॅगाही तिथेच घेऊन कस्टममधून पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा असलेलं तिकीट आम्ही काढत नाही, स्वस्त मिळालं तरी. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी बहुतेक अबू धाबीलाच उरकते.

रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. त्या कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारा. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो.