दोन शैक्षणिक कर्जं एकत्र करताय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

पदवीला एका बँकेचं आणि पुढच्या शिक्षणाला दुसऱ्या बँकेचं, अशी दोन शैक्षणिक कर्जं फेडणारी मुलं कोल्हापूर जिल्ह्यात कमी नाहीत. ही दोन्ही कर्जं एकाच बँकेकडे नेता येतात. बँकेत याला ‘टेकओव्हर’ म्हणतात. पण नुसता हप्ता कमी होतोय म्हणून सही करू नका.

समजा ६ लाख बाकी आहेत, दर १२ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता साधारण १०,५९० रुपये आणि पुढचं एकूण व्याज २.९० लाख. नवी बँक दर १० टक्के देते, पण मुदत १२ वर्षं करते. हप्ता ७,१७० वर येतो, व्याज मात्र ४.३३ लाख होतं. मुदत ७ वर्षंच ठेवली तर तेच व्याज २.३७ लाख. तेव्हा कमी दर जरूर घ्या, मुदत वाढवून घेऊ नका.

नोकरी लागली, काही हप्ते वेळेवर गेले, की अर्ज करावा. हप्ते थकल्यावर नवी बँक सहसा हात लावत नाही. केंद्राची व्याज सवलत मिळणार असेल (जुन्या योजनेत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ४.५ लाखांपर्यंत), तर ती रक्कम जमा झालेली स्टेटमेंटवर दिसल्याशिवाय खातं हलवू नका.

आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, गुणपत्रकं, मंजुरीपत्रं हे सगळं जमतं. अडतं ते सहकर्जदारापाशी, म्हणजे कर्जावर सोबत सही केलेल्या पालकापाशी. वडिलांचं सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असतं, मुलाला त्याचा पत्ताही नसतो. नवी बँक दोघांचा सिबिल (कर्जफेडीचा इतिहास दाखवणारा अहवाल) बघते, म्हणून अर्जाआधी वडिलांचाही काढून घ्या.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. जमीन तारण असेल तर ‘इतर हक्कां’त जुन्या बँकेचा बोजा, म्हणजे तिच्या कर्जाची नोंद असते. नव्या बँकेला कोरा सातबारा हवा आणि जुनी पैसे मिळाल्याशिवाय बोजा सोडत नाही. मुलं इथेच हेलपाटे घालून थकतात. जुन्या बँकेकडून तारण कागदांची यादी आणि ‘रक्कम जमा होताच कागद थेट नव्या बँकेकडे देऊ’ असं पत्र घ्या. ‘असं पत्र देत नाही’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. फेड झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बोजा मात्र आपोआप निघेल या भरवशावर राहू नका. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला जोडून महसूल खात्याच्या ‘ई-हक्क’ या ऑनलाइन सेवेवर अर्ज करा आणि फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे पाठपुरावा ठेवा.

कर्ज बंद करायच्या रकमेच्या पत्रावरची तारीख नीट वाचा. व्याज रोज चढतं. तारीख उलटली की नव्या बँकेचा चेक शे-दोनशे रुपयांनी कमी पडतो, जुनं खातं उघडंच राहतं आणि पुढे तेवढ्याचीच थकबाकी सिबिलवर दिसते. चेक जमा झाला की शाखेत जाऊन शिल्लक शून्य झालेली बघा, नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) हातात घ्या. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. मागितला तर तसं लेखी द्यायला सांगा.

घाई झाली म्हणून पतसंस्थेचं किंवा सोनंतारण कर्ज काढून दोन्ही मिटवू नका. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (८०ई म्हणून ओळखली जाणारी), जी जुन्या करपद्धतीत आणि जास्तीत जास्त ८ वर्षंच मिळते, ती तिथे जाते. नव्या बँकेच्या मंजुरीपत्रावरही ‘शैक्षणिक कर्ज’ असंच लिहिलंय का, हे सहीआधी बघा. ‘वैयक्तिक कर्ज’ असेल तर पत्र बदलून मागा.