मुंग्यांचा घरगुती बंदोबस्त

मुंग्यांचा घरगुती बंदोबस्त : स्वयंपाकघरातील अन्नाला मुंग्या लागू नयेत, लागल्यास त्या निघून जाव्यात यासाठी घरातल्याच वस्तूंनी केले जाणारे उपाय. हळद, लवंग, कापूर, हिंग, मिठाचे पाणी, बोरिक पावडर ही त्यांतील नेहमीची नावे. यांपैकी बहुतेक उपायांनी मुंगी मरत नाही, तिची वाट तेवढी मोडते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच ‘हळद टाकली तरी दुसऱ्या दिवशी मुंग्या हजर’ अशी तक्रार होते.

मुंग्या हायमेनोप्टेरा गणातील फॉर्मिसिडी कुलात मोडतात. जगात त्यांच्या १४ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत; घरात त्रास देणाऱ्या मोजक्याच. साखरेच्या डब्यात सापडणारी पिवळसर-तांबूस फेरो मुंगी जेमतेम २ मिमी. लांब असते आणि झाकणाची फट तिला पुरते. लांब पायांच्या, सैरावैरा धावणाऱ्या काळ्या मुंग्या निरुपद्रवी असतात. गुळाच्या ढेपेला डसतो तो मुंगळा. आग्या मुंगीचा डंख मात्र चांगलाच झोंबतो. घराघरांत ‘लाल चावतात, काळ्या चावत नाहीत’ एवढे वर्गीकरण पुरेसे मानले जाते. काळ्या मुंग्यांना वारुळापाशी साखर किंवा पीठ घालणे पुण्याचे समजतात. त्याच मुंग्या ओट्यावर दिसल्या की फडके हाती घेतले जाते.

पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरले की मुंग्या अंडी तोंडात धरून उंच व कोरड्या जागी, म्हणजे बऱ्याचदा घरात येतात. उन्हाळ्यात त्या पाण्यासाठी मोरीच्या आसपास दिसतात. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोटाचे टोक जमिनीला टेकवत गंधाची रेघ ओढते व बाकीच्या त्या रेघेवरून येतात. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड ओ. विल्सन यांनी १९५९ मध्ये आग्या मुंगीच्या शरीरातील एका ग्रंथीचा अर्क काचेवर ओढून दाखवला. कामकरी मुंग्या त्या रेघेमागे निघाल्या. ओट्यावरही हे पाहता येते. चालत्या रांगेत ओले बोट आडवे फिरवले की अलीकडची मुंगी पुसल्या जागी थबकते, मिशा हलवते, मागे वळते. मागची तिला धडकते. दोन्ही बाजूंना गर्दी होते. मग एखादी चुकतमाकत पलीकडे पोचते आणि काही मिनिटांत रांग पुन्हा सुरू होते.

म्हणून साबणाच्या पाण्याचा फडका हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयोगी उपाय. तो गंध पुसतो, सांडलेल्या चहाचा गोडवाही पुसतो आणि अंगावर पडल्यास मुंगी मरते. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पुसण्याचेच काम करतात. साल नुसती ठेवून फारसे साधत नाही.

हळदीची किंवा खडूची रेघ थोडी वेगळी. उग्र वासापेक्षा तिचा भुसभुशीतपणा कामी येतो, कारण सुट्या भुकटीवर मुंगीचे पाय टिकत नाहीत. मुंग्या पाळणारे संशोधकही पात्राच्या उभ्या कडेला टाल्कम पावडर लावतात. रेघ दमट झाली किंवा पायाखाली विस्कटली की पूल तयार. वर पांढऱ्या टाइल्सवर पिवळे डाग राहतात ते वेगळेच. साखरेत चार-पाच लवंगा टाकतात, त्याचा उपयोग लवंगेतील युजेनॉल या तीव्र वासाच्या द्रव्यामुळे होतो. बंद डब्यात हा वास साठतो, म्हणून तिथे तो टिकतो. उघड्या ओट्यावर ठेवलेल्या लवंगा शोभेच्याच. वास गेला की लवंगा बदलाव्या लागतात.

फ्रिज घरोघरी येण्यापूर्वीची खरी व्यवस्था पाण्याची होती. जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करत. दुधाचे पातेले किंवा लाडवांचा डबा पाणी घातलेल्या परातीत ठेवत. मात्र कपाट भिंतीला टेकले की सारे मुसळ केरात. पाण्यावर धूळ साचली तरी हलक्या मुंग्या तिच्यावरून पार होतात, म्हणून पाणी रोज बदलतात किंवा त्यात साबणाचा थेंब टाकतात. जेवताना पानाभोवती पाणी फिरवण्याच्या प्रथेचे कारणही मुंग्या हेच असल्याचे सांगितले जाते. ते मागाहून जोडलेले दिसते, कारण शेणाच्या जमिनीवर ती ओली रेघ जेवण संपेपर्यंतही टिकणार नाही.

वारुळापर्यंत पोचणारा घरगुती उपाय एकच : बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात ती. साधारण एक कप साखरेच्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा विरघळवून कापसाचा बोळा भिजवतात व रांगेशेजारी ठेवतात. कामकरी मुंग्या ते पाणी पिऊन नेतात आणि आपसांत वाटतात. प्रमाण वाढवले तर त्या वाटेतच मरतात आणि राणी शाबूत राहते. पहिल्या दिवशी बोळ्याभोवती गर्दी वाढते. तेव्हा घाबरून फवारा मारणे ही नेहमीची चूक. फेरो मुंगीबाबत तर फवाऱ्याने एका वसाहतीच्या अनेक होतात. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. साखरेला तोंड न लावणाऱ्या मुंग्यांसाठी दाण्याच्या कुटात पावडर मिसळतात. ही पावडर पोटात गेल्यास विषारी असल्याने रांगती मुले किंवा मांजर असलेल्या घरात ती जमिनीवर ठेवू नये.

रवा किंवा मक्याचे पीठ खाऊन मुंग्या फुगून मरतात, या समजात तथ्य नाही. प्रौढ मुंगी घन अन्न गिळतच नाही. ते अळ्यांसाठी नेले जाते. जुन्या घरांत कोपऱ्यांत पसरली जाणारी गमॅक्सिन पावडर (बीएचसी) घरगुती उपायांत मोजली जाई. ती कीटकनाशक असून भारतात १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे.

मुंग्या लागलेली साखर ताटात पसरून उन्हात ठेवतात. थोड्याच वेळात मुंग्या सावली धरतात. मेलेल्या राहिल्या तर साखरेचा पाक करून गाळून घेतात. त्यातूनही एखादी चहात तरंगली तर ‘मुंगी खाल्ली की डोळे चांगले होतात’ असे मुलांना सांगून वेळ मारून नेतात.