स्वर्गीय ख्रिस्त की ऐहिक येशू (वाद)

ख्रिस्ती धर्माच्या सर्वांत जुन्या लेखनातला तारणारा कोण, याविषयी अभ्यासकांत चाललेला वाद. पॅलेस्टाइनमध्ये जन्मून रोमनांच्या हातून क्रुसावर मेलेला तो माणूस होता, की ज्याचे मरण आणि पुनरुत्थान वरच्या लोकांतच घडले असा स्वर्गीय पुरुष, हा वादाचा मुद्दा. बहुसंख्य अभ्यासक पहिल्या बाजूचे आहेत आणि त्यांत यहुदी व निरीश्वरवादीही येतात. दुसरी बाजू मूठभरांची. तरी तिच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे तर जुनी पत्रे शब्द न् शब्द पुन्हा वाचावी लागतात.

वादाचे मूळ कालक्रमात आहे. बायबलच्या नव्या करारात आधी येशूची चरित्रे सांगणारी चार शुभवर्तमाने येतात आणि पत्रे नंतर; लिहिली गेली ती मात्र उलट्या क्रमाने. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याची निर्विवाद मानली जाणारी सात पत्रे (रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनाला) साधारण इ. स. 50 ते 60 या दशकातली आहेत. शुभवर्तमानांपैकी सर्वांत जुने मार्कचे, ते 70 च्या आसपासचे. आता ही सात पत्रे शुभवर्तमाने विसरून वाचली, तर बेथलेहेम, नासरेथ, मरीया, बाप्तिस्मा करणारा योहान, येशूच्या बोधकथा, रोगी बरे करणे यांपैकी काहीच हाती लागत नाही. येशूला क्रुसावर पाठवणारा रोमन सुभेदार पिलात याचे नावही नाही. आपली सुवार्ता माणसाकडून मिळालेली नसून प्रकटीकरणाने मिळाली, असे पौल गलतीकरांना बजावतो. शेवटच्या भोजनाची हकीकतसुद्धा ‘प्रभूपासून’ मिळाली असे सांगतो. फिलिप्पैकरांस पत्रातल्या स्तोत्रात देवाच्या स्वरूपात असलेला कोणी स्वतःला रिकामे करून दासाचे रूप घेतो, क्रुसावर मरतो आणि पुन्हा सर्वांहून उंच चढवला जातो. गाव नाही, साल नाही.

या मौनावरच स्वर्गीय पक्षाची इमारत उभी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात द्यूप्युई आणि व्होल्ने यांनी ख्रिस्तकथेला सूर्यकथेत बसवले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ब्रूनो बाउअरने येशूच्या ऐतिहासिकतेवरच शंका घेतली. आर्थर ड्रेव्ज याच्या 1909 च्या पुस्तकाने तर हा विषय विद्यापीठाबाहेर नेला आणि पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये त्यावर जाहीर वादसभा झाली. आजचे रूप मात्र त्याला कॅनडाच्या अर्ल डोहर्टी याने 1999 मध्ये आणि अमेरिकेच्या रिचर्ड कॅरियर याने 2014 मध्ये दिले. त्यांच्या मते पौलाचा ख्रिस्त पृथ्वीवर आलाच नाही. त्याला मारणारे ‘या युगाचे अधिकारी’ (करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 2) म्हणजे अंतराळातल्या दुष्ट शक्ती, आणि गालीलातला येशू ही मार्कपासून सुरू झालेली नंतरची रचना. नव्या कराराचे अभ्यासक बार्ट एर्मन यांनी 2012 मध्ये या एकूण पक्षाचे सविस्तर खंडन केले. ते स्वतः श्रद्धावंत नाहीत, त्यामुळे धर्मरक्षणाचा आरोप त्यांना चिकटत नाही.

खरी झटापट तीन-चार वाक्यांवर होते. रोमकरांस पत्राच्या आरंभी पौल ख्रिस्ताला देहदृष्ट्या यहुद्यांचा राजा दाविद याच्या बीजातला म्हणतो. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो स्त्रीपासून आणि यहुदी नियमशास्त्राधीन जन्मला असे म्हणतो. कॅरियरचे बोट इथल्या ग्रीक क्रियापदावर आहे. जन्म देणे या अर्थाचे नेहमीचे क्रियापद पौल याच अध्यायात अब्राहामाच्या मुलांविषयी वापरतो, पण ख्रिस्ताविषयी मात्र ‘होणे’ हे क्रियापद योजतो; म्हणजे देह घडवला गेला, जन्म झाला नाही. मराठी वाचकाला या युक्तिवादाचे वजन लगेच तोलता येते. ‘तिला मुलगा झाला’ हे ऐकून कोणी मुलगा अंतराळात घडवला गेला असे समजत नाही. ग्रीकमध्येही ‘होणे’ जन्मासाठी सर्रास चाले; पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या लेखनात ते आढळते. पौलाने दोन क्रियापदे का निवडली हा प्रश्न उरतोच, पण त्याला एवढा भार पेलवत नाही.

सर्वांत अवघड जागा याकोबाची. धर्मांतरानंतर तीन वर्षांनी आपण यरुशलेमेला गेलो, केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे) पंधरा दिवस राहिलो आणि ‘प्रभूचा बंधू याकोब’ याच्याखेरीज दुसऱ्या कोणा प्रेषिताला भेटलो नाही, असे पौल लिहितो. वर ‘मी खोटे बोलत नाही’ अशी देवासमक्ष ग्वाहीही देतो. प्रभूचे बंधू म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले सगळेच, असे उत्तर दिले जाते. पण मग केफा बंधू नव्हता काय? करिंथकरांस पहिल्या पत्रात तर इतर प्रेषित, प्रभूचे बंधू आणि केफा अशी वेगवेगळी नावे घेतली आहेत. बंधू म्हणजे प्रेषित नसलेले श्रद्धावंत, ही यावरची पुढची पळवाट ओढूनताणून आणलेली वाटते. ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूच्या या भावाला दगडमार झाल्याची नोंद योसेफसच्या यहुदी इतिहासाच्या विसाव्या खंडातही आहे.

स्वर्गीय पक्षाला खरा आधार मिळतो तो नव्या करारातल्याच इब्री लोकांस पत्रात. तिथला ख्रिस्त महायाजक आहे. तो हातांनी न बांधलेल्या पवित्रस्थानात, प्रत्यक्ष स्वर्गात, स्वतःचे रक्त घेऊन जातो. पण तेच पत्र तो यहुदाच्या वंशातून आल्याचे आणि त्याने वेशीबाहेर दुःख सोसल्याचेही सांगते.

याहून विलक्षण म्हणजे ‘यशयाचे आरोहण’ हा बायबलबाहेरचा जुना ख्रिस्ती ग्रंथ. त्यात देवाचा पुत्र सात स्वर्गांतून खाली उतरतो तेव्हा पाचव्या स्वर्गापासून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तिथल्या दूतांचे रूप घेतो, म्हणजे कोणी ओळखू नये. खालच्या स्वर्गांच्या दारांवर परवलीचा शब्दही देतो. त्या जगाचा अधिपती त्याला तो कोण हे न कळता झाडावर टांगतो. मरीयेच्या पोटी झालेला जन्म इथिओपियाच्या गीज भाषेतल्या प्रतीत आहे, पण लॅटिन आणि स्लाव्ह परंपरेतल्या प्रतींत तो भाग नाही. तो मागून घातला की मागून गाळला, यावर अजून एकमत नाही. घातला असे मानले, तरी आधी तिथे काय होते ते कळत नाही.

प्राचीन काळीही वाद होता, पण वेगळा. येशू आला की नाही यावर तो नव्हता, त्याचा देह खरा की आभास यावर होता. भासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या मताला आभासवाद म्हणता येईल. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस बेड्यांत रोमकडे नेला जात असताना या मतावर तुटून पडला. येशू खरोखर जन्मला, त्याने खाल्ले-प्याले, पिलाताच्या काळी त्याचा खरोखर छळ झाला, तो खरोखर मेला, असे ‘खरोखर’ तो पुन्हापुन्हा लिहितो आणि विचारतो, त्याने नुसता दुःखाचा भास केला असेल तर मी कशाला बेड्यांत आहे? उलट बाजूच्या ‘योहानाची कृत्ये’ या ग्रंथात येशूचा शिष्य योहान सांगतो, की प्रभूला हात लावला तर कधी देह घट्ट लागे, कधी काहीच लागत नसे, आणि त्याच्या पावलाचा ठसा जमिनीवर शोधूनही कधी दिसला नाही. नळाचे रूप घेतलेल्या देवांना दमयंतीने ज्या खुणांनी ओळखले, त्यांतलीच ही एक, जमिनीला न टेकणारे पाय.

ख्रिस्ती धर्माचा दुसऱ्या शतकातला कडवा टीकाकार सेल्सस येशूला एका शिपायाचा अनौरस मुलगा ठरवतो, जादूगार म्हणतो. तो झालाच नाही, असे मात्र तो कुठेही म्हणत नाही.