शातोनफ-द्यु-पाप: गोटे, वारा आणि कायदा

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीजवळ, आविन्यों शहराच्या उत्तरेला शातोनफ-द्यु-पाप हे वाईनसाठी नावाजलेलं गाव आहे. नावाचा अर्थ पोपचा नवा किल्ला. १३०९ साली पोपची गादी आविन्योंला आली आणि पुढे पोप बाविसाव्या जॉनने इथे किल्ला बांधला, द्राक्षबागांना आश्रय दिला. किल्ला आधीच पडझडीला आला होता, दुसऱ्या महायुद्धात उरलेला बुरुजही अर्धा उद्ध्वस्त झाला. आज बुरुजाचा थोडा भाग तेवढा उभा आहे. गावाचं 'पोपचं' हे नाव मात्र अधिकृत झालं ते १८९३ मध्ये, पोप निघून गेल्यावर कित्येक शतकांनी!

इथली जमीन पाहून आपल्याकडचा शेतकरी कपाळाला हात लावेल. कित्येक बागांत माती दिसतच नाही, नुसते नदीतल्यासारखे गुळगुळीत गोटे. प्राचीन रोनने ते आल्प्सकडून वाहून आणले. दिवसा ते तापतात, रात्री ऊब सोडतात. खालची लाल चिकणमाती ओल धरून ठेवते. उत्तरेकडून मिस्त्राल वारा घोंघावत येतो. तो फांद्या मोडतो, पण घडही कोरडे ठेवतो, म्हणून बुरशी कमी. द्राक्षाचा मुख्य वाण ग्रेनाश. त्याची वाईन अंगाने भरदार, मद्यार्क चढा, चवीला पिकलेली लाल फळं, मसाले, रानातल्या सुक्या वनस्पती. तरी सगळं श्रेय गोट्यांना देऊ नये. इथल्या सर्वांत नावाजलेल्या वाइन्सपैकी एक, शातो रायास, वाळूत वाढलेल्या वेलींची आहे.

माझ्या मते या वाईनला खरं घडवलं ते भेसळीविरुद्धच्या लढ्याने. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने बागा मारल्या. नंतर पुन्हा लागवड झाली, पण गावाच्या नावावर भलतीच वाईन खपू लागली. तेव्हा वाईनचे उत्पादक बॅरन पिएर ल रुआ या वकिलांकडे गेले. ल रुआ पहिल्या महायुद्धातले वैमानिक. १९२३ पासून त्यांच्या पुढाकाराने नियम ठरत गेले. थाइम आणि लॅव्हेंडर जिथे उगवतात अशा हलक्या माळरानावरच वेली लावायच्या, ठरावीक वाणच वापरायचे, मद्यार्क किमान १२.५ टक्के हवा, खराब घड काढणीतच बाजूला काढायचे. १९३६ मध्ये फ्रान्सच्या पहिल्याच नियंत्रित नामांकनांच्या (म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच ते नाव लावता येतं) तुकडीत हे गाव होतं. तेव्हाची १३ वाणांची यादी २००९ मध्ये एकाच वाणाचे वेगवेगळ्या रंगांचे प्रकार वेगळे मोजून १८ ची झाली.

नियमांची ही हौस इतकी, की १९५४ मध्ये गावच्या महापौरांनी हद्दीत उडत्या तबकड्या उतरवायलाही बंदी घातली.