कॅसेटचं डुगडुगणारं घड्याळ

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून मामाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट निघाली. मामीने फर्मावलं, "अरे, ते तासभर चाललेलं हॉलमधलं आहेर-पुराण काप, मंगलाष्टकं तेवढी ठेव." कापायचं तर आधी कॉम्प्युटरवर आणायला हवं. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीची कॅप्चर डबी आणली, म्हणजे कॅसेटचा सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करणारी. व्हीसीआरच्या 'आउट'मधून पिवळी पिन चित्रासाठी, लाल-पांढरी आवाजासाठी. पाच मिनिटांत जोडणी झाली. मग अंतरपाट धरला आणि चित्र गोठलं. आवाज मात्र पुढे चालू. भटजी 'सावधान' म्हणून मोकळे झाले तरी नवरा-नवरी आडपडद्यातच! तीच कॅसेट घरातल्या जुन्या डबा टीव्हीवर मात्र सुरळीत चालत होती.

दोष डबीचा नव्हता. व्हीएचएसची अर्धा इंच रुंद फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. इतक्या संथ फितीवर चित्र मावणार नाही, म्हणून फीत वाचणारं हेडच फिरवतात. तिरका बसवलेला ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावरची दोन हेडं आळीपाळीने फितीवर तिरपे पट्टे वाचतात. एका पट्ट्यात चित्राच्या एकाआड एक ओळी, पुढच्या पट्ट्यात उरलेल्या. प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, आणि 'आता नवी ओळ' असं सांगणारा एक ठोका तिच्या सुरुवातीला.

गोम या ठोक्यात आहे. फीत ताणली जाते, मोटर किंचित डळमळते, मग ठोका क्षणभर आधी किंवा उशिरा पडतो. डबा टीव्हीतला इलेक्ट्रॉनचा झोत या ठोक्यांमागे फरपटत का होईना, जात राहतो. कॅप्चर डबीला तसं जमत नाही. ती सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा, म्हणजे प्रत्येक ओळीत ८६४ वेळा सिग्नल मोजते. त्यातले ७२० नमुने चित्राचे. ठोका फारच भरकटला की ती अख्खी फ्रेम सोडून देते. आवाजाचं घड्याळ वेगळं, ते थांबत नाही. म्हणून चित्र थबकलेलं, मंगलाष्टकं पुढे.

यावर 'टाइम बेस करेक्टर' नावाचं यंत्र असतं. ते ओळी आधी स्मृतीत साठवतं आणि मग ठरलेल्या तालावर सोडतं. काही चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) यंत्रांत ते आतच बसवलेलं असायचं. वेगळं घ्यायचं म्हणजे खिशाला चाट. मी मित्राचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडला. तोही सिग्नल बराचसा ताळ्यावर आणतो. त्याच्या एका आउटवर टीव्ही, दुसऱ्यावर कॉम्प्युटर. गोठणं बंद.

डिस्कवर जागा मोकळी ठेवा. न दाबलेलं चित्र तासाला सुमारे ७५ जीबी खातं, डीव्ही या दाबून साठवायच्या पद्धतीत १३ जीबी. आणि फितीवर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. मुंबईच्या पावसाळी दमटपणात वाढलेली ती बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटवर जाते.

कॉम्प्युटरवर पाहिल्यावर दोन गोष्टींनी दचकायला होतं. हलत्या हाताच्या कडा कंगव्यासारख्या फाटलेल्या दिसतात, कारण वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या ओळी तिथे एकत्र दिसतात. आणि तळाशी काही ओळी वेड्यावाकड्या असतात. एक हेड संपून दुसरं सुरू होतं ती ही जागा. टीव्हीवर ती कधी दिसली नाही, कारण डबा टीव्ही चित्राच्या चारही कडा चौकटीआड ढकलतो.

तळाची पट्टी मी काळ्या रंगाने झाकली. डाव्या कडेला मात्र हात लावला नाही. टीव्हीने इतकी वर्षं लपवलेला आमच्या आजोबांचा अर्धा चेहरा तिथे होता, जिलबीच्या घासासकट.