दूरस्थ नगरकारभार (साथकाळातील)

साथीच्या रोगामुळे माणसांनी एकत्र येणे धोक्याचे झाले असता, नगरपालिकेची किंवा महापालिकेची इमारत बंद ठेवून अथवा मोजक्याच माणसांवर चालवून शहराचा कारभार दूरसंचाराच्या साधनांनी सुरू ठेवण्याची पद्धत. लोकप्रतिनिधींच्या सभा, कर्मचाऱ्यांचे कार्यालयीन काम आणि नागरिकांना द्यायचे दाखले-परवाने ही तिची तीन अंगे. सभांची चर्चा सर्वांत जास्त होते, कारण त्या पडद्यावर दिसतात. पण शहर अडते ते बहुधा उरलेल्या दोन अंगांत.

आपत्तीतही काम चालू राहावे म्हणून शहरांच्या योजना पूर्वीपासून होत्या. त्या पूर, आग, भूकंप डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असत. एक इमारत निकामी झाली तर दुसरी कोणती वापरायची, एवढाच त्यांचा गाभा. साथीत प्रश्न नेमका उलटा होतो. इमारत धडधाकट असते, वीज असते, कपाटांतल्या फाइली जागच्या जागी असतात, फक्त माणसांनी तिथे जमायचे नसते. शिवाय पूर काही दिवसांत ओसरतो, साथ महिनोन्‌महिने रेंगाळते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत टेलिफोन हे दूरस्थ कामाचे साधन हाताशी होते. पण कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर मुलीच मोठ्या संख्येने आजारी पडल्या, आणि फिलाडेल्फियात टेलिफोन कंपनीला ‘अगदी आवश्यक असेल तरच फोन करा’ असे लोकांना सांगावे लागले. साधन चालवणारा माणूसही साथीच्या तावडीत असतो, हा त्यातला धडा पुढच्या योजनांत फारसा उतरला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हिड-१९ बाबत ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ११ मार्चला या साथीला महासाथ म्हटले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जगभरच्या नगरसभा पडद्यावर आल्या. झूम या एकाच सेवेवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला सुमारे १ कोटी असलेली बैठकांतील उपस्थिती एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर पोचली. तंत्र तयार होते. अडसर होता तो कायद्यातल्या ‘हजर’ या शब्दाचा.

सभासद हजर कधी मानायचा, यावर गणपूर्ती (सभा वैध ठरायला लागणारी किमान उपस्थिती) अवलंबून, गणपूर्तीवर ठरावाची वैधता अवलंबून आणि वैध ठरावावर अंदाजपत्रक, करआकारणी, कंत्राटे असे सगळेच अवलंबून. इंग्लंडमधील स्थानिक संस्थांच्या सभा १९७२ च्या कायद्याप्रमाणे चालतात. त्यात दूरस्थ सभेची सोय नसल्याने संसदेने २०२० च्या कोरोनाव्हायरस कायद्यात खास कलम घातले आणि ४ एप्रिल २०२० पासून तशी मुभा मिळाली. मुदत होती ७ मे २०२१ पर्यंत. ती संपत आली तेव्हा जुन्याच कायद्याचा व्यापक अर्थ लावून दूरस्थ सभा चालू ठेवता येतील का, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. २८ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने नकार दिला : त्या कायद्यातील ‘सभा’ म्हणजे एका ठिकाणी प्रत्यक्ष भरलेली सभा. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने ही सोय आधीच करून ठेवली होती, त्यामुळे तिथे हा पेच आलाच नाही. साथ येण्याआधी, शांतपणे विचार करायला सवड असताना केलेली एक छोटी तरतूद किती उपयोगी पडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

कॅलिफोर्नियात अडचण वेगळी होती. तिथला १९५३ चा ब्राउन कायदा दूरध्वनीवरून सभेत भाग घ्यायला परवानगी देतो, पण सभासद जिथून बोलणार ते प्रत्येक ठिकाण विषयपत्रिकेत छापायचे आणि लोकांसाठी खुले ठेवायचे, अशी त्याची अट. म्हणजे घरून बोलणाऱ्या सभासदाने घराचा पत्ता जाहीर करून दार उघडे ठेवायचे. एरवी ही अट योग्यच, कारण लपूनछपून कारभार होऊ नये हाच तिचा हेतू. साथीत मात्र तीच घातक ठरली असती, म्हणून राज्यपालांनी १७ मार्च २०२० च्या आदेशाने ती तात्पुरती उठवली. फ्रान्सने मार्च २०२० मध्ये गणपूर्ती एक तृतीयांशावर आणली आणि एका सभासदाला दोघा गैरहजर सभासदांची मुखत्यारी, म्हणजे त्यांच्या वतीने मत देण्याचा अधिकार, घेऊ दिली. १ एप्रिलच्या अध्यादेशाने दूरस्थ सभाही मान्य केल्या. पण त्यात मतदान उघडच व्हायला हवे, गुप्त मतदानाचा विषय पुढच्या प्रत्यक्ष सभेवर ढकलायचा, असे बंधन घातले. हे बंधन विचारपूर्वक घातलेले आहे. घरी बसलेल्या सभासदाच्या पाठीमागे कोण उभे आहे, हे कॅमेऱ्यातून कळत नाही.

सभेच्या रोजच्या संचालनातही नवे नियम करावे लागतात. आवाजी मतदान पडद्यावर चालत नाही, कारण आवाज एकमेकांवर आदळतात आणि कोण काय म्हणाले ते उमगत नाही. म्हणून नाव पुकारून एकेकाचे मत घेतात. एखाद्याचा संपर्क मतदानाच्या क्षणी तुटला तर सभा थांबवायची की त्याला गैरहजर धरायचे, हे आधी ठरलेले नसेल तर ठराव पुढे न्यायालयात अडकू शकतो. गोपनीय चर्चेच्या वेळी आपण खोलीत एकटेच आहोत असे प्रत्येक सभासदाकडून वदवून घेतात आणि तशी नोंद इतिवृत्तात करतात.

लोकांच्या हक्काचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रेक्षक गॅलरीची जागा थेट प्रक्षेपणाने भरते, असे मानण्याचा मोह होतो. पण गॅलरीत बसलेला माणूस नुसता बघत नसतो. त्याच्या असण्याचा दाब सभागृहावर पडत असतो, आणि हरकत घ्यायला तो उठून उभा राहू शकतो. पडद्यावरच्या सभेत हे साधायचे तर बोलण्याची वेळ राखून ठेवावी लागते, साध्या फोनवरूनही जोडून घ्यावे लागते आणि लेखी हरकतींसाठी इमारतीच्या दाराशी पेटी ठेवावी लागते. २०२० च्या वसंतात अनेक खुल्या सभांत आगंतुक घुसून शिवीगाळ आणि अश्लील चित्रांचा धुडगूस घालत. त्यावर प्रतीक्षा-कक्ष आणि सांकेतिक शब्द असे उपाय निघाले. पण प्रत्येक कडी खऱ्या नागरिकालाही थोडी अडवते, हे विसरता कामा नये. उलट बाजूही मोठी आहे. अंथरुणाला खिळलेले, लहान मुलांमुळे घर न सोडू शकणारे, चाकाच्या खुर्चीवरून इमारतीच्या पायऱ्या न चढू शकणारे कित्येक नागरिक या काळात पहिल्यांदाच नगरसभेत बोलू शकले.

कार्यालयीन कामात खरी कसोटी लागते ती फाइलीच्या प्रवासात. अर्ज, आवक क्रमांक, टिपणी, शेरा, सही, मोहोर, जावक : या साखळीतली एकही कडी कागदावर राहिली तर बाकीचे सगळे ऑनलाइन असूनही कुणाला तरी कार्यालयात जावेच लागते. जपानचा अनुभव याबाबत बोलका आहे. २०२० मध्ये तिथल्या सरकारने प्रत्येक रहिवाशाला १,००,००० येन देण्याचे ठरवले आणि वाटप नगरपालिकांवर सोपवले. अर्ज ऑनलाइनही करता येत होते. मात्र आलेला अर्ज रहिवासी नोंदवहीशी ताडून पाहण्याचे काम कर्मचारी हातानेच करीत होते. चुकीचे आणि दुबार अर्ज निस्तरता निस्तरता इतका वेळ जाऊ लागला, की अनेक नगरपालिकांनी ऑनलाइन अर्ज बंद करून टपालाने पाठवायला सांगितले. दर्शनी बाजू डिजिटल आणि आतली कागदी, असा हा प्रकार होता. त्याच काळात तिथे कित्येकांना केवळ हांको ही मोहोर उमटवण्यासाठी कार्यालयात जावे लागे, आणि वर्षअखेरपर्यंत सरकारी कामातून ती हटवण्याची मोहीम सुरू झाली. याउलट एस्टोनियात २००० च्या कायद्याने डिजिटल सहीला हस्ताक्षराइतके मोल दिले आणि २००१ पासून सरकारी नोंदवह्या एकमेकींशी जोडल्या. त्यामुळे तिथला कारभार साथीपूर्वीच बव्हंशी कागदमुक्त होता. फरक यंत्रांच्या किमतीचा नाही. आतली साखळी कुणी आणि कधी बदलली, याचा आहे.

खिडकीवर मिळणाऱ्या सेवांपैकी ज्यांत नागरिकाने समक्ष येणे सक्तीचे होते, त्या सर्वांत उशिरा सुटल्या. न्यूयॉर्क शहरात विवाहाचा परवाना घ्यायला जोडप्याला कारकुनासमोर उभे राहावे लागे. १८ एप्रिल २०२० च्या राज्यपालांच्या आदेशानंतर शहराने चित्रसंवादाने परवाने देणारी सेवा सुरू केली. इमारतींच्या तपासणीत निरीक्षक पलीकडून सूचना देतो आणि अर्जदार फोनचा कॅमेरा फिरवतो, अशीही पद्धत रुळली. लहानसहान कामांना ती पुरते. पायाच्या किंवा भार पेलणाऱ्या बांधकामाच्या तपासणीसाठी तिच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

दूरस्थ करताच येत नाही असे कामही भरपूर असते. कचरा, गटारे, अग्निशमन, दहन-दफन, पाणी. यंत्रणा दुरून पाहता येते, पण फुटलेली वाहिनी दुरून जोडता येत नाही. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडच्या समुद्रजल गोडे करणाऱ्या प्रकल्पात मार्च २०२० मध्ये १० कर्मचारी तीन आठवडे प्रकल्पाच्या आवारातच राहिले, बाहेरच्या कुणाचा संसर्ग नियंत्रण कक्षात पोचू नये म्हणून. इतरत्र कामगारांच्या तुकड्या पाडून त्या एकमेकींना भेटणार नाहीत अशा पाळ्या लावल्या गेल्या. घरून काम करणारे सुरक्षित राहिले ते रस्त्यावर उतरलेल्या या माणसांच्या बळावर. म्हणून दूरस्थ कारभाराच्या कोणत्याही योजनेत संगणकांइतकीच जागा मास्क, विमा आणि पगारी रजेला असायला हवी.

सगळे जाळ्यावर आले की जाळ्याचीच भीती वाढते. मार्च २०१८ मध्ये अटलांटा आणि मे २०१९ मध्ये बाल्टिमोर या शहरांच्या संगणक यंत्रणा खंडणीखोर सायबर-हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्या. अटलांटात पोलिसांना अहवाल हाताने लिहावे लागले, बाल्टिमोरमध्ये घरांचे व्यवहार आणि पाणीपट्टीची बिले रखडली. हे दोन्ही हल्ले कर्मचारी कार्यालयात बसत असतानाचे. घरच्या संगणकांवरून काम सुरू झाले की अशी दारे आणखी वाढतात. दुसरा, कमी बोलला जाणारा धोका नोंदींचा आहे. निर्णय खासगी मोबाइलवरच्या संदेशांत होऊ लागले तर उद्या माहिती मागणाऱ्याला दाखवायला दप्तरात काहीच उरत नाही.

साथ ओसरल्यावर वाटा वेगळ्या झाल्या. इंग्लंडमधील सभा मे २०२१ मध्ये सभागृहात परतल्या. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२१ च्या कायद्याने आणीबाणी असेपर्यंत दूरस्थ सभांना मुभा दिली, पण गरज अजून आहे असा ठराव दर ३० दिवसांनी करण्याची अट घातली. तिथली आणीबाणी २८ फेब्रुवारी २०२३ रोजी संपली. वेल्सने मात्र २०२१ च्या कायद्याने दूरस्थ उपस्थिती कायमची केली : सभासदाला दुसऱ्या ठिकाणाहून भाग घेता येईल अशी व्यवस्था प्रत्येक नगरसभेने ठेवलीच पाहिजे. अशा मिश्र सभांत सभागृहात प्रत्येक आसनासमोर स्वतंत्र माइक लागतो. तो नसेल तर घरी बसलेल्या सभासदाला अध्यक्षांचे बोलणे तेवढे ऐकू येते, मागच्या रांगेतली हरकत येत नाही.