टॅटू आहे? मग रक्त देता येणार नाही?

रक्तदान शिबिराच्या रांगेत बाही वर केली, दंडावरचा टॅटू दिसला, की मागचा कुणीतरी अनोळखी माणूस हमखास सांगतो, "तुमचं रक्त चालत नाही हो." शाई रक्तात मिसळते, असं त्याचं म्हणणं. अनेक जण तिथूनच परत फिरतात.

हे खरं नाही. भारतातल्या नियमानुसार टॅटू काढल्यावर 12 महिने थांबायचं, एवढंच. त्यानंतर वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 वगैरे इतर अटी पूर्ण होत असतील, तर टॅटूची आडकाठी नाही.

थांबायचं कारण शाई नव्हे, सुई. सुई नीट निर्जंतुक केलेली नसेल तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. दान केलेलं रक्त तपासलं जातंच, पण लागण नवी असेल तर सुरुवातीचा काही काळ ती चाचणीत सापडत नाही. शाईचं म्हणाल, तर तिचे बरेचसे कण त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशी गिळून धरून ठेवतात. म्हणून तर टॅटू वर्षानुवर्षं टिकतो.

गंमत अशी, की आजीच्या कपाळावरच्या, हातावरच्या गोंदणाकडे कुणी असं वळून पाहत नाही. जत्रेत तर एकाच सुईने कितीतरी हात गोंदले जायचे! प्रश्न चित्राचा नाहीच, तारखेचा आहे. शिबिरातल्या डॉक्टरांना ती खरी सांगा. मागच्या माणसाला काही सांगायची गरज नाही.